मधले पाच सेकंद

दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची ऋतुजाची अर्धी तयारी तिच्या धाकट्या भावानं, अंगदनं, करून घेतली होती. बारावीला दोनदा आपटी खाल्लेला हा गडी तिची वही घेऊन प्रश्न विचारायचा, हाताची पाच बोटं मिटेपर्यंत थांबायचा आणि मग मास्तरच्या ऐटीत उत्तर वाचायचा. दातावरच्या एनॅमलला मात्र शेवटपर्यंत 'इनामल'च म्हणाला. "इनामाची जमीन हाय का ती?" म्हणून ऋतुजा खो खो हसायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बापाशी भांडून अंगद घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. मोटरसायकल धरणाकाठच्या माजलगावच्या स्टँडवर सापडली. पुण्याची गाडी धरली असणार, असं सगळे म्हणाले, आणि त्यांची आई छबुबाई त्या एका वाक्यावर सात महिने जगत होती.

परीक्षा आठ दिवसांवर आली. विचारणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ऋतुजानं आपल्याच आवाजात प्रश्न मोबाईलवर भरले. आधी प्रश्न, मग पाच सेकंद गप्प, मग उत्तर. टळटळीत दुपारी ती घराच्या धरणाकडच्या खोलीत ऐकत बसली. वारा पडलेला. पाणी उन्हानं पार मागं हटलं होतं आणि खिडकीतून गाळाचा कुबट वास येत होता.

"पहिली कायमची दाढ कधी येते?" मोबाईलमधल्या ऋतुजानं विचारलं.

ती तोंड उघडणार, तोच मोबाईलमधूनच कुणी पुटपुटलं, "सा वर्साला…"

भास असेल. जागरणं काय कमी झाली होती! तिनं आवाज वाढवला.

"शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ कोणता?"

"इनामल…"

बाहेर तूर पाखडणारी छबुबाई सूप टाकून धावत आत आली.

"आंगद बोलला! आगं, लागला का त्याचा फोन?"

"आई, हे… हे मी भरलेलं हाय. फोन न्हाई."

"मला नको शिकवू. माझं लेकरू मला कळत न्हाई व्हय? इचार, कुटं हाय म्हनावं!"

पुढचा प्रश्न ऋतुजाला ठाऊक होता. कालच तिनं तो भरला होता, सगळ्यात शेवटी. बंद करायला तिनं बोट नेलं, पण आईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"गुलाबी दात कोणाचे दिसतात?"

एक. दोन. तीन. गाळाचा वास खोलीत दाटून आला.

"माजे… ताये."

मग ऋतुजाचाच पाठ केलेला, सरळ आवाज आला, "ड्राउनिंगमध्ये गेलेल्यांचे."

बुडून मेलेल्यांचे. ऋतुजाला हंबरडा फोडावासा वाटला, पण मनगट अजून आईच्या मुठीत होतं. छबुबाईला इंग्रजी कुठलं कळायला! तिचा चेहरा सात महिन्यांत पहिल्यांदा फुलला.

"ड्राउनिंगमदी गेलाय? आवो, आयकलं का! आंगदचा पत्ता लागला!" नवऱ्याला हाका मारत ती निघाली आणि उंबऱ्यावर थांबून वळली. "हे गाव कुटं आलं गं? पुन्याकडंच ना?"

रेकॉर्डिंग संपलं होतं. ऋतुजाच्या हातातल्या, स्क्रीन काळी पडलेल्या मोबाईलमधून हळूच आवाज आला.

"हां म्हन, ताये…"