दिलेला सूर

लाइट येईपर्यंत सरावाला सुट्टी. बसा सगळे पायरीवर. केतन, तू मघाशी विचारत होतास ना, मास्तरांच्या फोटोखाली काचेची डबी कसली ते? सांगतो. माझ्या शेजारी उभा राहून वीस वर्षं गायला त्या चारुदत्त पाटोळेच्या बाबतीत घडलेलं आहे हे. मला त्याच्या बायकोनं, भावनानं सांगितलं, आणि ती बाई पदरचं एक अक्षर घालणारी नव्हे.

शमुवेल मास्तर तुमच्यासाठी भिंतीवरचा फोटो. आमचं अर्धं आयुष्य होते ते. रविवारी आपल्या ख्रिस्ती देवळात पायपेटी वाजवून आमच्याकडून गाऊन घ्यायचे, आणि उरलेले सहा दिवस लोकांचे. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाच्या म्हातारीला भरवायचंय, मास्तर हजर. कुणी शेवटच्या घटका मोजत असेल तर उशाशी बसून गायचे. ख्रिस्ती असो, आगरी असो, नाहीतर कळंबोलीला ट्रकवर आलेला कुणी परका क्लीनर असो. नियम एकच. मरणाऱ्यापुढे एकट्यानं गायचं नाही. एकट्याचा आवाज थरथरतो, जाणारा माणूस घाबरतो. दोन आवाज हवेतच.

दुसरा आवाज चारुदत्तचा. मास्तरांनी एका मोडक्या पेटीतली पितळी पट्टी काढून लाकडात बसवून घेतली होती. फुंकली की काळी एक, पेटीतला तेवढा एकच स्वर, वाजायची. तिलाच आम्ही ‘सूर’ म्हणायचो. रात्री दार ठोकून आळी कशाला उठवायची? मास्तर खिडकीखाली उभे राहून सूर फुंकायचे, आणि आतून आपण गुणगुणून तोच सूर द्यायचा. सूर दिला म्हणजे येतो. एकदा दिला की माघार नाही. इथलं शेंबडं पोरही सांगेल, रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये. आमचा शिरस्ता नेमका उलटा होता.

२०११चा नोव्हेंबर. बारा तारीख, शनिवार. त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोन रात्री झालेल्या. दुसऱ्या दिवशी मास्तरांना जाऊन वर्ष होणार म्हणून स्मरणाची उपासना ठेवली होती, आणि फोटोपुढे ठेवायला सूर हवा होता. तो आणायला चारुदत्त संध्याकाळी कळंबोलीला गेला, मास्तरांच्या बहिणीकडे. दयाबाई तिचं नाव. तिनं चहा केला, रुमालात बांधलेला सूर त्याच्या हातात दिला, आणि म्हणाली, “त्या रात्री तुझ्याकडेच येतो म्हणून निघाला होता रे. आला नव्हता का?”

“काय माहीत, मावशी. मला झोप लागली होती.”

खोटं. चारुदत्त जागा होता.

त्या रात्री जासईच्या दादू म्हात्रेचं काही खरं नाही असा मास्तरांना फोन आला होता. ते चारुदत्तच्या खिडकीखाली आले. तीन वेळा सूर फुंकला. हा दोन पाळ्या करून आलेला, अंग ठणकत होतं. यानं चादर डोक्यावरून ओढली आणि गप्प पडून राहिला. मास्तर स्कूटरवरून एकटेच गेले. जासईच्या रस्त्यावर एक कंटेनरचा ट्रेलर अंधारात दिवे न लावता उभा होता... सकाळपर्यंत ते तिथंच पडून होते. दादू म्हात्रे मात्र वाचला.

चारुदत्तनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

घरी येऊन त्यानं रुमाल तसाच बांधलेला कपाटात ठेवला. लोखंडी कपाट. भावनानं कुलूप लावून किल्ली मंगळसूत्रात अडकवली, रोजच्यासारखी. जेवून दोघं झोपले.

पावणेतीनला त्याला जाग आली.

आळी शांत होती. कुत्रंसुद्धा नव्हतं भुंकत. खिडकीत चांदणं.

आणि खालून सूर आला.

काळी एक.

चारुदत्त हलला नाही. स्वप्न असेल, म्हणाला. कपाटाकडे बघितलं. कुलूप जागच्या जागी.

पुन्हा सूर. तसाच. शेवटी जरा खाली उतरणारा... मास्तरांचा दम तिथं संपायचा.

आता तिसरा येणार. आला. पण लांबून... नाक्याकडे सरकत. गेल्या वर्षी आला होता तसाच. निघून चाललेला.

आणि मग त्याला राहवलं नाही, पोरांनो. भीतीपेक्षा ती लाज मोठी होती.

त्यानं सूर दिला.

खाली... काही नाही. मग एक किक. दुसरी. स्कूटर चालू झाली.

भावना उठून बसली. “अहो, कुणाला सूर देताय?”

“मास्तर आलेत. जासईला जायचंय.”

त्यानं सदऱ्यात हात घातला होता. तिनं दाराला कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली.

“दार सोड.”

“नाही सोडणार.”

“गेल्या वर्षी मी जागा होतो, भावना. ते बोलवत होते... मी जागा होतो गं.”

तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. ती दारापासून हलली नाही. स्कूटरचा आवाज जासईच्या दिशेनं गेला... विरला. चारुदत्त घराबाहेर पडला नाही. तिनं बायबलवर हात ठेवून मला सांगितलंय.

उजाडताना दार वाजलं. दादू म्हात्रेचा मुलगा, शैलेश. डोळे सुजलेले.

“बाबा गेले, चारूभाऊ. साडेतीनला. तुमचे उपकार हायत.”

“माझे कसले?”

“आलात ना तुमी. पडवीत बसून गायलात. बाबा घाबरले होते, पन गानं आयकून निवांत झाले. मास्तर आला, म्हणाले... आमी म्हटलं, वय झालंय, काय पन बोलतात.” तो थांबला. आवाज खाली आला. “आवाज दोन होते पन. एक तुमचा. पक्का तुमचा. दार उघडून बघितलं तर तिथं कोन पन नाय.”



त्या सकाळी उपासनेत मास्तरांचं आवडतं गीत होतं. पाळकांनी खूण केली. आम्ही उचललं. माझ्या शेजारी चारुदत्तनं तोंड उघडलं...

हवा. नुसती हवा.

बोलता यायचं त्याला. बाजारात भांडायचा, हाका मारायचा. पण गायला गेला की काही नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बघितलं, सगळं ठीक म्हणाले. तीन वर्षांनी वारला. मरताना उशाशी आम्ही गात होतो, तर सारखं म्हणत होता, “मी सूर दिला. परत कुठं दिला त्यांनी?” आणि या तालुक्यात अजून कुणी रात्री गेलं की एखादं घर विचारतं, तुमचे ते दोघे कोण गायला आले होते? मी काय सांगणार?

हां, ती डबी. फोटोपुढे रुमाल बांधलेलाच ठेवला होता; उपासना संपल्यावर भावनानं तो सोडला. सकाळी कपाट तिनंच उघडलं होतं, किल्ली तिच्याच गळ्यात. सूर ओला होता. फुंकून नुकताच खाली ठेवल्यासारखा, लाकूडसुद्धा कोमट. पाळक म्हणाले, वाळेल. आम्ही काचेच्या डबीत ठेवून झाकण लाखेनं बंद केलं. त्यानंतर कुणी उघडलेली नाही.

लाइट आली की जवळ जाऊन बघा. हात लावू नका.

काच आतून अजून दमट आहे.