दाराशेजारचा ठिपका

भिंतीवरची तसबीर केसभर वाकडी झाली तरी कृष्णकांतांना जेवण गोड लागत नसे. जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली आणि त्यांची सगळी शास्त्रीय नजर बिचाऱ्या घरावर येऊन पडली. कुकरची शिट्टी का अडकते, पंखा नेमका कोणत्या वेगाला कुरकुरतो, मोरीतली ओल कुठून येते, या सगळ्याचा त्यांनी छडा लावला होता. त्यांच्या हातून सुटलेली एकच गोष्ट घरात उरली होती, ती म्हणजे जुन्या कॅमेऱ्यातला ठिपका.

मुठीत मावेल एवढा तो चांदीच्या रंगाचा डिजिटल कॅमेरा त्यांनी सीताबर्डीवरून आणला, तेव्हा त्यांची एकुलती एक अदिती बालवाडीत होती. आणला तोच पोळ्याच्या सुमारास. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरातली मुलं लाकडी नंदी सजवून दारोदार फिरतात आणि घरोघरची माणसं त्यांना बोजारा म्हणून खाऊ देतात. अदितीचा नंदी कृष्णकांतांच्या वडिलांनी सागवानी लाकडाचा करून घेतला होता, चाकांचा, वीतभर उंच. त्या दिवशी ती फिरायला निघण्याआधी तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करायची, डोक्यावर पट्टी ठेवून चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारायची आणि मग तिघांचा फोटो, असा घरचा शिरस्ता पडून गेला.

फोटोची जागासुद्धा ठरलेली. कॅमेरा समोरच्या शिलाई मशीनवर, टायमर लावून. उजवीकडे कृष्णकांत, शेजारी उत्तराबाई, त्यांच्या पलीकडे चौकटीला टेकून अदिती, पायाशी नंदी आणि पलीकडे व्हरांड्याकडे उघडणारं सताड दार. पोरगी भारी लाजाळू. फोटो काढायचा म्हटलं की आईच्या पदराचं टोक मुठीत गच्च धरून ठेवायची. त्या मुठीतून सोडवलेल्या पदराला इतक्या चुण्या पडलेल्या असत की उत्तराबाई दर वर्षी तिच्यावर रागावत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच साडी नेसत.

सहावीत असताना तापाचं निमित्त होऊन अदिती गेली. घरातून जणू कोणी आवाजच काढून नेला.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला उत्तराबाईंनी नंदी पुसला, चौकटीपाशी ठेवला आणि म्हणाल्या, "कॅमेरा काढा." कृष्णकांतांनी तो काढला. दोघं आपापल्या जागी उभे राहिले. चौकटीजवळची जागा मोकळी राहिली. त्या फोटोत पहिल्यांदा तो ठिपका दिसला. चौकटीवर, तुरीच्या डाळीएवढा, करडा, कडा विरघळलेल्या. तेव्हापासून दर वर्षीच्या फोटोत तो होता. कॅमेरा वर्षातून त्याच दिवशी बाहेर निघायचा, बाकीचे फोटो मोबाइलवर.

"सेन्सरवर धूळ बसली आहे," कृष्णकांत दर वर्षी म्हणत. "भिंगावर असती तर पुसता आली असती. आत गेलेली आहे."

"असू द्या ना," उत्तराबाई म्हणत. "तुमचं काय घेऊन राहिला तो?"

यंदा मात्र कृष्णकांतांनी मनावर घेतलं, त्याला कारण होतं. उत्तराबाईंना साठावं लागणार होतं. त्यांच्यासाठी सगळ्या फोटोंचा एक छान अल्बम करावा, आणि त्यातला निदान शेवटचा फोटो तरी स्वच्छ असावा, असं त्यांच्या मनात आलं. बायकोला न सांगता केलेलं हे बहुधा त्यांच्या आयुष्यातलं पहिलंच काम असेल.

तान्ह्या पोळ्याची सकाळ. उत्तराबाई टेकडीच्या गणपतीला गेलेल्या. कृष्णकांतांनी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, पंखा बंद केला आणि शस्त्रक्रियेला बसावं तसे बसले. आधी रबरी फुग्याने भिंगाच्या फटींत हवा मारून पाहिली. मग मोबाइलवर पाहून ठेवलेली युक्ती काढली. असल्या छोट्या कॅमेऱ्याचं भिंग चालू करताना बाहेर येतं, बंद करताना आत जातं, आणि भात्यासारखी हवा ओढून घेतं. धूळ शिरते ती अशी. तेव्हा त्याच वाटेने तिला बाहेर काढायची. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला मऊ मोजा गुंडाळला, नळी भिंगाभोवती हलकेच धरली आणि कॅमेऱ्याचं झूम पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिले.

कामाला येणाऱ्या सिंधूताई दारात थबकल्या. त्यांच्या हातात पळसाच्या फांद्या होत्या. पोळ्याला दाराशी लावलेले हे मेढे दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीबाहेर नेऊन टाकायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर घरातली रोगराईही जाते, ही इकडची रीत. महालाकडे याच वेळी मारबतीची, म्हणजे गावाची ईडापीडा घेऊन जाणाऱ्या भल्यामोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघालेली असते.

"काय करून राहिले जी काका?"

"कॅमेऱ्यातली धूळ काढतोय."

"मंग नुसती काहून काढता? आजचा दिवस हाय, म्हना ना! ईडापीडा घेऊन जाय गे मारबत!"

कृष्णकांतांना हसू आलं. अशा गोष्टींची ते आयुष्यभर टिंगल करत आले होते. पण सकाळ प्रसन्न होती, हातातलं काम जमत आलं होतं. त्यांनी नळी भिंगावर टेकवली आणि मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून खणखणीत ओरडले, "घेऊन जा गे मारबत!"

भिंग एकदम आत गेलं. कॅमेरा आपोआप बंद झाला.

त्यांनी पुन्हा चालू केला, चादरीचा फोटो घेतला, मोठा करून पाहिला. स्वच्छ. एक कण नाही.

"आना ते," सिंधूताई म्हणाल्या. क्लीनरची पिशवी त्यांनी एका कागदात झटकून घेतली, पुडी फांद्यांत खोचली. "मेढ्यासंगं फेकून देते नाल्याच्या पल्याड. फेकल्यावर मांगं पाहू नये म्हन्ते."

आणि त्या गेल्या.

उत्तराबाई प्रसाद घेऊन परतल्या. त्यांनी नंदी पुसला, शिंगांना बेगड लावली, चौकटीपाशी ठेवला. टायमर लागला, फोटो निघाला. कृष्णकांतांनी तो लॅपटॉपवर उघडला आणि बक्षीस मिळालेल्या पोरासारखे म्हणाले, "बघ. गेला ठिपका."

उत्तराबाई बघत राहिल्या. हातातली वाटी त्यांनी टेबलावर ठेवली ती नीट बसली नाही, प्रसाद सांडला.

"काय केलं तुम्ही?"

त्यांनी सांगितलं. भिंग, भाता, नळी, सिंधूताईंचं म्हणणं, स्वतःचं ओरडणं, सगळं. सांगता सांगता त्यांचं हसू आपोआप मावळलं.

"घरातून काढून टाकलं तुम्ही," उत्तराबाई म्हणाल्या. "नाल्यापलीकडे."

"उत्तरा, धूळ होती ती. सेन्सरवर बसलेला कण. तो फोटोत एकाच जागी दिसतो. कॅमेरा हलव, माणसं हलव, कण जिथे बसला तिथेच."

"मग हा दर वर्षी वर कसा काय जाऊन राहिला होता?"

एवढं बोलून त्या आतल्या खोलीत गेल्या.

कृष्णकांत बायकोची समजूत घालण्यासाठीच लॅपटॉपकडे वळले. एका कणाची जागा बदलत नाही, हे पाच मिनिटांत दाखवता येण्यासारखं होतं. त्यांनी सगळे जुने फोटो काढले आणि चौकटीच्या कडा जुळवून एकावर एक ठेवले.

ठिपके एकावर एक बसले नाहीत.

ते एकाखाली एक लागले होते. चौकटीच्या लाकडावर, सरळ उभ्या ओळीत. सगळ्यांत खालचा होता अदिती गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा. तिची शेवटची रेघ जिथे होती, त्याच्या दोन बोटं वर. पुढच्या वर्षी आणखी वर. त्याच्या पुढच्या दोन वर्षांत तर भराभर. मग चढण मंद झाली, आणखी मंद झाली, आणि एका जागी येऊन थांबली. उत्तराबाईंच्या डोक्याहून जराशी उंच.

कृष्णकांतांनी आयुष्यात हजारो आलेख काढले होते. पडणाऱ्या दगडाचा, निवणाऱ्या पाण्याचा. हा कशाचा आलेख आहे हे कळायला त्यांना क्षणही लागला नाही. मुलगी अशीच वाढते. तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने, मग हळू, मग पुरे.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीतीने नव्हे. पहिल्यांदा वाटलं ते नवल, छातीत न मावणारं. आपली अदिती उंच झाली. बापावर गेली. इतकी वर्षं ती डोळ्यांसमोर वाढत होती आणि आपण तिला धूळ म्हणत होतो.

ते उठून दारापाशी गेले. चौकटीच्या आतल्या कडेवर लोंबणारा पडदा कधी नव्हे तो बाजूला सारला. खाली त्यांच्याच हातच्या रेघा होत्या, ठसठशीत, प्रत्येकीवर साल घातलेलं. त्यांच्या वर आणखी रेघा होत्या. फिकट, बाईच्या हाताने हलकेच ओढलेल्या. उत्तराबाईंनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

कृष्णकांत चौकटीला कपाळ टेकून उभे राहिले. सकाळचं आपलं ओरडणं त्यांना ऐकू येत होतं. शब्द तेच, आवाज आपलाच. घेऊन जा. आपल्या तोंडाने आपण म्हटलं, आणि तेही हसत हसत.

चपला अडकवून ते तसेच नाल्याकडे निघाले. पुलापलीकडे पळसाच्या फांद्यांचा ढीग पडला होता, साऱ्या वस्तीने टाकलेला. कुठली फांदी आपल्या दारची हे ओळखायची सोय नव्हती. कागद कुठेच दिसत नव्हता. वारा सुटला होता. पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक त्या ढिगासमोर उभा राहिला आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून अगदी हळू म्हणाला, "अदिती, चल बाळा, घरी."

काही झालं नाही. ते परत फिरले. वाटेत त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी मुलं आली. रंगवलेले, झुली घातलेले नंदी दारात ओळीने उभे राहिले. उत्तराबाईंनी प्रत्येकाला ओवाळलं, चिवड्याचा आणि लाडवांचा बोजारा दिला. शेवटचं पोर फाटकाबाहेर पडलं, गल्ली शांत झाली. तेव्हा त्या सकाळनंतर पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या.

"अजून एक काढू या."

कृष्णकांतांनी कॅमेरा मशीनवर ठेवला. टायमरचा लाल दिवा लुकलुकू लागला. दोघं जागेवर उभे राहिले, चौकटीजवळची जागा मोकळी ठेवून. दार सताड उघडं होतं. पंखा सकाळपासून बंदच होता. बाहेर पान हलत नव्हतं.

दिवा थांबला. उत्तराबाईंनी हलकेच श्वास घेतला. मग स्वयंपाकघरात निघून गेल्या.

कृष्णकांतांनी फोटो उघडला.

ठिपका नव्हता. चौकट स्वच्छ होती.

त्यांचे डोळे भरून आले. चष्मा पुसून त्यांनी फोटो पुन्हा पाहिला, आणि या वेळी उत्तराबाईंकडे पाहिलं.

खांद्यावरचा पदर खाली सोडलेला नव्हता. तो आडवा ताणला गेला होता, चौकटीच्या पुढे, उघड्या दाराकडे. आणि सरळ आडवाही नाही. किंचित वरच्या बाजूला, जणू धरणारा हात आता उत्तराबाईंच्या खांद्याहून उंच होता. टोक उंबऱ्याच्या पलीकडे, अधांतरी.

उत्तराबाईंचा एक पाय उंबऱ्यावर होता.

"उत्तरा!" त्यांनी हाक मारली.

"इथेच आहे." स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं. आवाज हलका होता, कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता इतका.

ते स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले. उत्तराबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून कणीक तिंबत होत्या. पदर कमरेला खोचला होता. त्याचं टोक बाहेर आलेलं होतं, आणि त्यावर चुण्या पडलेल्या होत्या, ओलसर, गच्च मुठीतून नुकत्याच सुटलेल्या.

"अहो," मागे न वळता त्या म्हणाल्या, "बाहेरचं दार लावू नका हं. मी एवढ्या पोळ्या करून ठेवते तुमच्यापुरत्या."