मागच्या सीटवरचे सेहेचाळीस किलो

कुरिअरवाला खोकं देऊन गेला तेव्हा सृष्टीच्या खांद्यावर अजून डब्याची पिशवी होती. चितेगावच्या कंपनीतली सकाळची शिफ्ट संपवून ती नुकतीच मुकुंदवाडीच्या घरी पोचली होती. तोंडसुद्धा न धुता तिनं खोकं उघडलं. आत नवी जॉयस्टिक होती आणि तिच्या बुडाशी अंगठ्याएवढं दातेरी चाक. याच चाकासाठी ती दोन महिने थांबली होती.

ते चाक ट्रिमचं. विमानाचं नाक वर जाऊ लागलं की पायलटला दांडी पुढं रेटून धरावी लागते, आणि तासभर तसं धरलं तर हात भरून येतो. ट्रिमचं चाक बरोबर जागी आणलं की दांडी सोडली तरी विमान आपलं सरळ चालतं. मागच्या वर्षी वैमानिक प्रशिक्षणाच्या निवड चाचणीत सृष्टी इथंच नापास झाली होती. "तू विमान उडवत नाहीस, त्याच्याशी कुस्ती खेळतेस," परीक्षक म्हणाले होते. दुसरी आणि शेवटची संधी नऊ दिवसांवर आली होती.

तिनं कॉम्प्युटर लावून विमान उडवायचा सिम्युलेटर उघडला. दांडी चारी बाजूंना टोकापर्यंत नेऊन सोडली. पडद्यावरचा ठिपका मधोमध येऊन थांबला. चाक खालून वर फिरवलं. निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही न अडखळता सरकली. मग तिनं चाकाला नाकाचं ट्रिम नेमून दिलं आणि बाजूच्या फिरत्या खुंटीला पंखांचं, म्हणजे डाव्या-उजव्या कलाचं. सगळं इतकं चोख जुळलं की ती एकटीच हसली.

चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून तिनं पडद्यावरचं चार सीटांचं छोटं विमान उचललं. आत ती एकटी, पुढं डावीकडं पायलटच्या सीटवर, वजन बावन्न किलो. बाकीच्या तिन्ही सीटांवर शून्य. दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला ठेवून तिनं विमान सरळ केलं, आपल्या वजनापुरते पंख खुंटीनं जुळवले, चाक मधोमध आणलं आणि दांडी सोडली.

नाक वर जाऊ लागलं.

तिनं चाक थोडं पुढं फिरवलं. अजून वर. आणखी थोडं पुढं. नऊ टक्के खाली आल्यावर विमान स्थिर झालं. तिनं जॉयस्टिक पुन्हा जुळवली. पुन्हा नऊ टक्के. सगळं काढून नव्यानं बसवलं, तरी नऊच.

तिचे वडील राम चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले. लासूर स्टेशनच्या बाजूला त्यांची अर्धी हयात मेंढरांमागं गेली होती. आता ते मोटारसायकलवर दूध पोचवत. ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"मागं कोन बसलंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाय, पप्पा. एकटीच हाय मी."

"मग ते असं का चालतंय? गाडीवर मागं माणूस बसलं की पुढचं चाक हलकं लागतं. तसंच दिसतंय हे."

सृष्टीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं लगेच सुदर्शनला फोन लावला. सोयगावचा सुदर्शन मागच्या वर्षीच त्या चाचणीत निवडला गेला होता आणि तेच विमान त्याच्याही कॉम्प्युटरवर होतं. त्यानं तीच उंची आणि तोच वेग धरला. त्याचं ट्रिम बरोबर मधोमध, शून्यावर होतं.

"मागच्या सीटवर वजन टाकत जा," सृष्टी म्हणाली. "माझ्याएवढं ट्रिम कुठं लागतं ते बघ."

तो आकडे वाचत गेला. तीस. चाळीस. पंचेचाळीस.

"सेहेचाळीसला नऊ टक्के," तो म्हणाला. "तुझ्याकडं फायलीत गडबड हाय कायतरी. काढून टाक ते विमान."

सृष्टीला मात्र ते काढावंसं वाटेना. कोडं हाताला लागल्यावर जसा अंगात जोर येतो तसा तिला आला होता. शिवाय एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. ते वजन एका जागी नसायचं. कधी आठ टक्के लागायचे, कधी दहा, जसं कुणी सीटवर पुढं-मागं सरकून बसावं. त्यामुळं तिला सतत बोटाच्या टोकानं चाक हलवत राहावं लागे. चौथ्या दिवशी तिला कळलं की दांडी आपण आता नुसती टेकवून धरतो. सहाव्या दिवशी तिचं बोट नाक हलायच्या आधीच चाकावर जाऊ लागलं.

"काढलं का नाय ते?" सुदर्शननं विचारलं.

"राहू दे. लई शिकवतंय ते मला."

सुदर्शन म्हणाला, "सृष्टी, माझ्याकडं ते वजन कायम एकसारखं राहतं. हलत नाय."

"म्हणून तर तुझ्यापेक्षा माझा सराव चांगला," ती म्हणाली आणि हसली.

नवव्या दिवशी चाचणीसाठी प्रशिक्षण संस्थेच्या सिम्युलेटरमध्ये ती बसली तेव्हा विमान पिसासारखं हलकं लागलं. इथं मागं कुणीच नव्हतं. तिनं दोन बोटांनी उड्डाण केलं. ती उतरल्यावर परीक्षक म्हणाले, "मागच्या वर्षी तूच आली होतीस ना? हात कुणी सुधारला?" निवडीची यादी दुपारीच लागली. तिचं नाव तिसरं होतं.

घरी आई रत्नमालानं शिरा केला होता. वडिलांनी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. फोन थांबत नव्हते. चार वाजता गर्दी ओसरली तशी सृष्टी कॉम्प्युटरसमोरच्या खाली-वर होणाऱ्या फिरत्या खुर्चीत येऊन बसली. आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एकदा, नुसतं मजेसाठी, लासूरपर्यंत जाऊन यावं असं तिनं ठरवलं.

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. धावपट्टीवर विमान नेहमीसारखंच उशिरा उचललं, वजन असल्यासारखं. वर गेल्यावर तिचं बोट सवयीनं चाकाकडं गेलं.

नाक जागेवर होतं. ट्रिम शून्य.

"गेलं वाटतं," ती हळूच म्हणाली. तिला थोडं वाईटच वाटलं.

मग उजवा पंख खाली जाऊ लागला.

तिनं खुंटी फिरवून पंख सरळ केले. हात सोडला. पुन्हा उजवीकडं. नाक सरळ आणि कल उजवीकडं, म्हणजे वजन मागं नाही. ते पुढं आलं होतं. तिच्या शेजारच्या सीटवर.

तिला भीती वाटली नाही. तिनं सीटांवरच्या वजनांचा तक्ता उघडला. उजवीकडं शून्य लिहिलं होतं.

खाली रुळांची रेघ दिसली. लासूर जवळ आलं होतं.

उजवा पंख आपोआप वर येऊ लागला.

तिनं कशालाच हात लावला नव्हता. पंख सरळ झाले. क्षणभर विमान अगदी सपाट राहिलं.

मग डावा पंख खाली गेला.

नाक हललं नाही. म्हणजे पुढंच. डावीकडं.

पुढं डावीकडं एकच सीट होती.

सृष्टीनं जॉयस्टिकवरचा हात काढून मांडीवर ठेवला. स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती. विमान डावीकडं झुकून सावकाश वळत राहिलं.

तिच्या खालची खुर्ची बारीक फुसकारली आणि दोन बोटं खाली बसली.