निळं बॅक पॅनल

मुलांनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. डोंगरावरची वीस-बावीस घरांची वाडी. खाली रस्त्यावर उतरायला पाऊण तास. वीज येते तशी जाते. रेंज मिळते ती बालवाडीमागच्या कातळावर, आणि तीही एकाच फोनला. त्या फोनची बॅटरी दुपारी दोनला संपते. वाडीतल्या मंगळीला नववा महिना लागलाय... आणि तो फोन तुमचा आहे. भीती वाटली ना? मग सुरभीला काय वाटत असेल ते तुम्हाला कळेल.

सुरभी पोशीर गावची. वय बावीस. वाडीवरच राहून बालवाडी चालवायची. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी ती खाली उतरली, तेव्हा शेतात भात निसवून लोंब्या बाहेर पडल्या होत्या आणि पाऊस आडवा येत होता. कळंबच्या नाक्यावर दिसेल त्या पत्र्याखाली ती शिरली. ते मोबाइल दुरुस्तीचं दुकान निघालं. आत कर्जतचा अनुपम डोळ्याला भिंग लावून बसला होता.

“चार्जर हाय का? दहा मिनटं लावते.”

“लावा की. पण दहा मिनिटांनी काय होणार?”

“रातभर जिता राहील. एका बाईचे दिवस भरलेत. गाडी बोलवायची तर ह्याच फोनवरनं.”

त्याने भिंग काढलं. केसांतून पाणी गळत असलेली ती मुलगी त्याने आत्ता नीट पाहिली, आणि लगेच नजर फोनकडे वळवली.

“बॅटरी चांगली आहे. आतला कारभारी उधळा आहे.”

“कोन कारभारी?”

तुम्हीही ऐका, मुलांनो. फोनच्या आत, आपल्याला न दिसणारा एक प्रोग्राम असतो. त्याला कर्नल म्हणतात. फोनचा मेंदू कधी पळवायचा, कधी झोपवायचा, कुठे किती वीज द्यायची, हे तो ठरवतो. काही जाणकार लोक जास्त काटकसरी कर्नल लिहितात आणि फुकट वाटतात. तो घातला की फोन वेगाने चालतो आणि बॅटरीही पुरते.

“मंग घाला की,” सुरभी म्हणाली.

“आधी कंपनीचं कुलूप उघडावं लागतं. अर्ज केला की सात दिवस थांबायचं. मग फोनमधलं सगळं पुसलं जातं. आणि चुकलो तर...” तो घुटमळला. “तर फोन म्हणजे नुसती वीट.”

सुरभीने मनात पैशांचा हिशेब केला. नवा फोन दिवाळीआधी शक्य नव्हता. मंगळी दिवाळीपर्यंत थांबणार नव्हती.

“करा अर्ज,” ती म्हणाली. तिने फोन त्याच्यापुढे सरकवला.

मग सात दिवस ती रोज संध्याकाळी चार्जिंगला येऊ लागली. तिसऱ्या दिवशी फोनच्या फुटक्या पाठीची काच तिच्या बोटाला लागली. चौथ्या दिवशी अनुपमने नवं बॅक पॅनल बसवलं. निळं.

“हे कुठनं आनलंत?”

“पडून होतं.”

“आनि निळंच बरं पडून व्हतं?”

“तुमची ओढणी रोज निळी असते... म्हणजे, मी बघत नाही. दिसते.”

“नाय बघत ते बरं हाय,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून हसली. त्याचे कान लाल झाले. सहाव्या दिवशी दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणत होते. कधीपासून, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

सातवा दिवस रविवार होता. सुरभी दुपारीच आली. चेहरा उतरलेला.

“मंगळीची कंबर सकाळपासून दुखतेय. लवकर कर रं.”

अनुपमने फोन उलटा करून मॉडेल नंबर वाचला. तीनदा वाचला. त्याच नंबरचा नवा कर्नल त्याने इंटरनेटवरून उतरवून घेतला, आणि परत फिरायची वेळ आली तर म्हणून कंपनीचा जुनाही. फोटो, नंबर, सगळं लॅपटॉपवर घेतलं. कुलूप उघडलं. नवा कर्नल घातला.

पडद्यावर कंपनीचं नाव आलं. गेलं. पुन्हा आलं... पुन्हा गेलं.

“असंच व्हतं का?”

“नाही.”

त्याने जुना कर्नल परत घातला. नाव आलं. गेलं. आलं.

“अनुपम...”

“जुना घातला तर चालू व्हायलाच हवा.” त्याने केबल काढून पुन्हा लावली. “व्हायलाच हवा.”

सुरभीच्या डोळ्यांसमोर कातळ आला, कातळावर उभी असलेली ती, आणि हातात वीट. तिने टेबलाची कड घट्ट धरली. बाहेर एक टेंपो गेला, तेवढ्याने दोघं दचकले.

अनुपमने फोन पुन्हा उलटा केला. निळ्या पॅनलवरची बारीक अक्षरं वाचली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“हे पॅनल... या फोनचं नाही. याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या मॉडेलचं आहे. तुझ्या मॉडेलला निळा रंग येतच नाही. मी मुंबईहून मागवलं, मीच बसवलं, आणि आज नंबर त्याच्यावरचाच वाचला. दोन्ही फाइली चुकीच्या आहेत.”

“मंग खरा नंबर?”

त्याने खालचा खण उघडला. आत कापडात गुंडाळलेलं तिचं फुटकं पॅनल होतं.

“हे टाकलं नाय व्हय तू?” सुरभीने हळूच विचारलं.

“नाही. सुरभी, मला... मला असं...” पुढे शब्द फुटेना. तो अक्षरं वाचू लागला.

खऱ्या नंबरचा जुना कर्नल उतरायला वीस मिनिटं लागली. दोघं हिरवी पट्टी सरकताना बघत राहिले. मग फोन सुरू झाला, आणि अनुपम खुर्चीत मागे टेकला.

“झालं. आता हात लावायला नको. आहे तसा घेऊन जा.”

“दोन वाजता मरनारा?” सुरभीने फोन परत त्याच्यासमोर ठेवला. “नवा घाल. बरोबरचा.”

“पुन्हा बिघडला तर?”

“मी बी घाबरलेय. तरी घाल.”

त्याने तोही उतरवून घातला. पडद्यावर नाव आलं... आणि त्यामागून सुरुवातीचा पडदा उमलला. अनुपमने लॅपटॉपवरचे फोटो, नंबर फोनमध्ये परत भरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मंगळीला कळा सुरू झाल्या. सुरभी कातळावर धावली. फोन चालू होता. गाडी डोंगराच्या पायथ्याशी आली, माणसांनी मंगळीला डोलीतून खाली उतरवलं. संध्याकाळी सहाला दवाखान्याच्या व्हरांड्यातून सुरभीने कळंबला फोन लावला.

“बंद पडला का?” अनुपमचा पहिलाच प्रश्न.

“बंद पडला तर बोलू कशी? मंगळीला मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत.”

पलीकडे एक लांब श्वास सुटला. “किती टक्के आहे?”

“एकोनचाळीस.”

“मग ठेव आता. वाचव.”

आता सांगा, मुलांनो, आपल्या पोरीने काय केलं असेल? तिने फोन ठेवला नाही. बाकावर पाय वर घेऊन बसली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, “काल अर्धंच बोललास. पुरं कर. मी ऐकतेय.”