नळाला कुलूप

"कॉक बंद कर! पार्थ, आधी कॉक बंद कर!"

दिशा मोरीतल्या नळावर दोन्ही हात दाबून ओरडत होती. नळ तिच्या हातात आला होता आणि भिंतीतून पाण्याची धार थेट तिच्या तोंडावर येत होती. दहा वर्षांची ज्ञानेश्वरी शेजारी उभी राहून खिदळत होती. तिचा भाऊ पार्थ गच्चीकडे धावला. थोड्या वेळाने धार मंदावली आणि थांबली.

"झाली दुरुस्ती?" पार्थने वरून विचारलं.

"अंघोळ झाली! आता दुरुस्ती!" ज्ञानेश्वरी म्हणाली.

दिशाने नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, पान्याने नळ घट्ट पिळला आणि कॉक उघडायला सांगितला. एक थेंबही गळला नाही!

सातवीत गेलेली दिशा सुट्टीसाठी नगरहून शनिशिंगणापूरला मामाकडे आली होती. रंगनाथमामांचं देवळाच्या रस्त्यावर पूजेच्या सामानाचं दुकान होतं. घरातलं काहीही मोडलं की मामा म्हणत, "बघू उद्या." तो उद्या कधी उजाडत नसे. म्हणून दिशा आणि मामांची मुलं पार्थ-ज्ञानेश्वरी अशा तिघांनी 'दुरुस्ती पथक' काढलं होतं. पंख्याचं करकरणं थांबलं, स्टुलाचा लंगडा पाय सरळ झाला. दारांची मात्र काही कटकट नव्हती, कारण दारंच नव्हती! गावच्या रीतीप्रमाणे घरभर नुसत्या चौकटी आणि पडदे.

पथकापुढे आता एकच कोडं उरलं होतं. गावात नळाला तीन दिवसांतून एकदा पाणी यायचं. गच्चीवरची टाकी भरली की ती तीन दिवस पुरायची. पण गेला महिनाभर ती दुसऱ्याच दिवशी दुपारी कोरडी पडत होती. गळके नळ दुरुस्त झाले, तरी तेच!

"कुणीतरी पाणी चोरतंय," दिशाने जाहीर केलं. "मी पाळत ठेवते!"

सकाळी वही घेऊन ती गच्चीवर बसली. थोड्या वेळाने मागच्या गल्लीतल्या छबूबाई आल्या. साठीच्या, किडकिडीत. मामांच्या दुकानासाठी त्या रुईच्या पानांच्या माळा करायच्या आणि अंगणातल्या नळावरून रोज दोन हंडे पाणी न्यायच्या. मामीनेच तसं सांगून ठेवलं होतं. त्यांनी दोन हंडे नेले. दिशाने वहीत लिहिलं. पण जरा वेळाने त्या परत आल्या आणि आणखी दोन हंडे भरून घेऊन गेल्या! या वेळी त्या घराच्या कोपऱ्यावरून पुढे रस्त्याकडे वळल्या. कुठे गेल्या हे बघायला दिशा उठलीच नाही. तासाभरात आणखी कुणी आलं नाही, तशी ती दुकानात पळाली.

"मामा, पाणीचोर सापडला! छबूमावशी! दोन सांगतात आणि चार हंडे नेतात! मी स्वतः मोजलेत!"

शनिवार होता. दुकानापुढे भाविकांची झुंबड होती. सगळ्यांनी माना वळवल्या. त्या गर्दीच्या मागेच छबूबाई माळांची पाटी घेऊन उभ्या होत्या.

त्यांनी पाटी फळीवर ठेवली, पदर नीट केला, दिशाकडे एकदा पाहिलं आणि निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी मामांनी नळाला साखळी गुंडाळून कुलूप लावलं. घरात कुलूप असणार कुठून? शेजारच्या सोनईहून विकत आणावं लागलं.

"अहो, इतकी वर्षं ती बाई येतेय," राजेश्वरीमामी म्हणाली. "आधी विचारा तरी तिला!"

"बघू उद्या," मामा म्हणाले.

कुलूप बघायला निम्मी गल्ली जमली. म्हातारे रामहरीआजोबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "आपल्या गावात दाराला कुलूप न्हाई, आन् रंगनाथनं नळाला लावलं! लई झालं बाबा!"

मामांनी मान खाली घातली. दिशाला मात्र आपण मोठी कामगिरी केल्यासारखं वाटत होतं.

ते वाटणं दुसऱ्या सकाळपर्यंतच टिकलं. गच्चीवरून तिला छबूबाई दिसल्या. गावाबाहेरच्या हापशावरून डोक्यावर हंडा घेऊन येत होत्या. दहा पावलं चालायच्या, कुणाच्या तरी भिंतीला टेकायच्या, पुन्हा चालायच्या. दिशा पटकन कठड्याआड बसली.

"दिशाताई! आपल्या दुकानापुढचा रांजण कोरडा पडलाय!" ज्ञानेश्वरी धावत आली. "एक बाई लेकराला घेऊन आली आणि तशीच परत गेली."

"मग भर ना!"

"पण रोज कोण भरायचं?"

दिशा खाली स्वयंपाकघरात गेली. "मामी, रांजण कोण भरतं?"

"छबूबाई," भाकरी थापता थापता मामी म्हणाली. "तिचे दोन हंडे झाले की दुकान उघडायच्या आतच पुढचे दोन रांजणात ओतायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मिळावं म्हणून. मी कधी सांगितलं नव्हतं, तिचं तीच करायची."

मामीने मान वर करून पाहिलं. "चार हंडे म्हणालीस, ते हेच का गं?"

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं दिशाला वाटलं. चार हंडे! वहीत लिहिलेले! त्यातले दोन मामांच्याच दुकानापुढे आले होते!

दुपारी टाकी पुन्हा कोरडी पडली. नळाला कुलूप तसंच होतं.

"पप्पा, टाकी रिकामी झालीच!" पार्थने सांगितलं. "छबूमावशींनी पाणी घेतलंच नव्हतं."

"मग दुसरं कुणी नेत असंल," मामा दुकानातून न उठता म्हणाले. "टाकीच्या झाकणालाबी कुलूप लावू."

"घरातच कुठेतरी गळत असेल, मामा," दिशा हळूच म्हणाली.

"काही गळत नाही! मागच्या महिन्यात वैजनाथ प्लंबरनं संडासाची नवी फ्लश टाकी बसवली, तेव्हा सगळे पाइप तपासलेत."

मागच्या महिन्यात! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाणी कमी पडायला लागलं तेही मागच्याच महिन्यापासून!

पार्थने फ्लशच्या टाकीला कान लावला. "काहीच आवाज नाही."

"हळूहळू झिरपत असेल तर आवाज कसा येणार?" दिशा म्हणाली. तिला घरातली कपड्यांची नीळ आठवली. "पाणी आलं की फ्लशच्या टाकीत नीळ घालू. अर्धा तास कुणी बटण दाबायचं नाही. खालच्या भांड्यात निळं पाणी उतरलं, तर गळती तिथेच!"

"पप्पा म्हणतील, तुम्हीच भांड्यात नीळ ओतली," पार्थ म्हणाला.

"म्हणून ते त्यांनाच पहिल्यांदा दिसलं पाहिजे."

एरवी अशा बेताला तिघं हसून हसून लोळली असती. पण दिशाला आज हसू येत नव्हतं. तिला सारख्या हंडा घेऊन भिंतीला टेकलेल्या छबूबाई दिसत होत्या.

पाणी आलं त्या दिवशी मामा जेवून उठायच्या अर्धा तास आधी दिशाने फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून नीळ टाकली. ज्ञानेश्वरी पडद्याबाहेर पहाऱ्याला बसली. जेवण झालं, मामा पडदा सारून आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"अगं ए! हे निळं पाणी कसलं? मी बटणाला हातसुद्धा लावला नाही, तरी भांड्यात निळ्या धारा लागल्यात!"

"नीळ आम्ही फ्लशच्या टाकीत घातली होती, पप्पा!" पार्थ ओरडला. "ती आपोआप खाली आली. म्हणजे आपलं पाणी रात्रंदिवस असंच वाहून जातंय!"

मामा बघतच राहिले. त्यांच्यासमोर पार्थने कॉक बंद केला. दिशाने बाही वर सारून टाकीच्या तळाशी हात घातला. भोकावरच्या रबरी झडपेखाली सिमेंटचा हरभऱ्याएवढा खडा अडकला होता! टाकी बसवताना पडलेला खडा कुणी पाहिलाच नव्हता. तिने तो काढला, झडप पुसून नीट बसवली. अर्ध्या तासाने भांड्यातलं पाणी स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती.

संध्याकाळी दुकानात मामांची छाती फुगली होती. "हीच ती आमची भाची! वैजनाथला जमलं नाही ते हिनं शोधलं!" ते येईल त्याला सांगत होते. रामहरीआजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार हाय पोरगी!"

दिशाला तो हात जड झाला. ती मागे सरकली.

"मी हुशार नाही," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "याच जागेवर उभं राहून मी छबूमावशींना चोर म्हणाले. त्या चोर नाहीत. जास्तीचे दोन हंडे त्या तुमच्यासाठी, या रांजणात ओतायच्या. मी नीट न बघता बोलले."

मामांनी गल्ल्यातून किल्ली काढली.

"पोर चुकली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण मी मोठा माणूस असून न विचारता कुलूप लावलं. चल, मीबी येतो."

कुलूप निघालं. दोघं मागच्या गल्लीत गेले. छबूबाई ओट्यावर रुईची पानं निवडत होत्या. मामांनी हात जोडले. दिशाला खूप काही सांगायचं होतं, पण तिला एवढंच जमलं, "मावशी, माझं चुकलं."

छबूबाई पानं निवडतच राहिल्या.

"लोकांदेखत बोललीस तू," त्या म्हणाल्या. "चार दिस मी देवळाच्या रस्त्यानं गेले न्हाई."

"आत्ता मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं, मावशी."

"व्हय? बरं केलंस. पन मला इसरायला येळ लागंल, पोरी."

दिशाने मान हलवली.

छबूबाईंनी पाटी बाजूला सारली आणि आत बोट दाखवलं. "त्या माठाची तोटी गळतीया कवापासनं. तुला जमतं म्हनं असलं काम?"

दिशा धावत घरी गेली आणि पाना आणि टेप घेऊन आली. पाणी पातेल्यात काढून तिने तोटी सोडवली, जुनी रबरी चकती उलटी करून बसवली, आट्यांवर टेप गुंडाळली आणि बेताने पिळली. माठ पुन्हा भरला. दोघीही तोटीकडे बघत राहिल्या. थेंब आला नाही.

छबूबाईंनी तोटीखाली बोट फिरवून पाहिलं. ते कोरडंच होतं.

"हात चांगला हाय तुझा," त्या म्हणाल्या. "जीभ तेवढी सांभाळ."

मग त्यांनी तांब्या तोटीखाली धरला, पाण्याने भरला आणि दिशाच्या हातात दिला.