भरतेश गैरहजर असताना

हे लिहायचंच नाही, असं भरतेशने ठरवलं होतं. तीनदा मोबाईलवर टाईप केलं, तीनदा पुसलं. ‘मी’ लिहिलं की बोटं अडायची, कारण रोजगार केंद्रातल्या पडद्यावरचा तोही ‘मी, मी’च म्हणत होता. शेवटी ‘भरतेश’ असं लिहिलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

तर भरतेश चौगुले, इचलकरंजीचा. बारा वर्षं माग चालवला. मग तुटलेला धागा स्वतःच जोडणारे माग आले आणि अख्ख्या शेडला एक कुलूप आणि एक कॅमेरा पुरायला लागला. माणसांना सरकारने बेकारी भत्ता दिला. अट एकच. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकराला रोजगार केंद्रात मुलाखत. काम शोधताय का, कुठे शोधलंत, काय काय जमतं, सगळं विचारणार. मुलाखत चुकली की भत्ता सहा महिने बंद.

त्या मंगळवारी त्याची चुकली.

त्याचा शेडमधला दोस्त दस्तगीर मुजावर. हा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. त्याच्या अब्बांचं मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि दस्तगीरला निघता येत नव्हतं. “धाच्या आत आटपंल की, मी नेतो,” असं म्हणून भरतेश अब्बांना घेऊन गेला. डॉक्टरच अडीचला उगवले.

बुधवारी सकाळी तो चहाच्या गाड्यावर तोंड पाडून बसला होता. घरी बायकोला, पद्मजाला, सातवा महिना. तिला काय सांगायचं? तेवढ्यात मोबाईल वाजला.

‘आपली मंगळवारची मुलाखत पूर्ण झाली. सहकार्याबद्दल आभार.’

पूर्ण? अकरा वाजता तर तो अब्बांच्या डोळ्यात थेंब घालत होता!

मग आठवलं. वर्षाच्या सुरुवातीला एक फॉर्म आला होता. ‘आपण येऊ न शकल्यास आपल्या प्रतिरूपाची मुलाखत चालेल का?’ प्रतिरूप म्हणजे आधीच्या मुलाखतींच्या चित्रीकरणावरून बनवलेला पडद्यावरचा भरतेश. तोच चेहरा, तोच आवाज, उत्तरंही तो जी देईल तीच. भरतेशने विचार न करता ‘हो’ दाबलं होतं. शेडमध्ये एकाला यायला जमलं नाही की दुसरा त्याच्या मागावर उभा राहतो, त्याच्याच नावावर. त्याला बदली म्हणतात. बदलीला कोणी नाही म्हणत नाही. फार तर कापडात एखादी खोट येते, तेवढंच.

म्हणजे वाचलो की! त्याने खुशीत दुसरा चहा सांगितला.

चहा यायच्या आधी दस्तगीर आला. बसला नाही.

“भत्ता बंद केला माझा.”

“का रं?”

“चोरून काम करतोय म्हणं. कुणीतरी सांगितलंय.” त्याने मोबाईल पुढे धरला. ‘परिचित व्यक्तीच्या निवेदनावरून. मंगळवार, अकरा वाजून नऊ मिनिटे.’

गोष्ट खरी होती. एका जुन्या शेडात दस्तगीर गुपचूप माग दुरुस्त करायचा. अब्बांच्या औषधपाण्याला भत्ता पुरत नव्हता. आणि हे फक्त भरतेशला माहीत होतं.

“तू अकराला मिरजेत हुतास,” दस्तगीर म्हणाला. “अब्बाच सांगत्यात. म्हणून तर डोकं चालंना माझं.”

 सांगितलेल्या चहासाठी न थांबता भरतेश केंद्रात पळाला.

केंद्रातल्या शेंडगे मॅडमनी शांतपणे चित्रीकरण लावलं. पडद्यावर भरतेश बसला होता. मॅडमचा आवाज आला, ‘ओळखीचं कोणी भत्ता घेऊन काम करतंय का?’ पडद्यावरच्या भरतेशने मानेवरून हात फिरवला, अगदी त्याच्यासारखा, आणि म्हणाला, “मी सांगतो. दस्तगीर मुजावर. जुने माग दुरुस्त करतोय.”

“मी हे जन्मात कधी बोललो न्हाई!” भरतेश ओरडला.

“नाहीच बोललात. चौदा मुलाखती झाल्या तुमच्या. प्रत्येक वेळी या प्रश्नाला ‘नाही’च म्हणालात. पण थांबून. मानेवर हात नेऊन. एरवी दस्तगीर, दस्तगीर करता, त्याचे माग, त्याचे पाने. हा प्रश्न आला की त्याचं नाव गायब. तुम्ही जे गाळता, त्यावरूनही प्रतिरूप शिकतं, दादा.”

“अंदाज हाय तो नुसता!”

“चुकलाय का?”



मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. “निवेदन रद्द करता येतं. मुजावरांचा भत्ता पुन्हा सुरू होईल. पण मग तुमची मुलाखत झालीच नाही असं धरलं जाईल. सहा महिने तुमचा बंद. सही इथे.”

त्याने पेन उचललं. पद्मजा डोळ्यांसमोर आली. पेन तसंच हातात राहिलं.

“सांगू नये, पण सांगते,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “नियमाप्रमाणे तुमच्या प्रतिरूपालाही विचारलं होतं, भरतेश सही करेल का म्हणून. ‘नाही’ म्हणाला. लगेच. मानेला हातसुद्धा न लावता.”

 यंत्र खोटं बोललं असतं तर बरं झालं असतं. त्याने पेन खाली ठेवलं, कागदाची घडी खिशात घातली आणि बाहेर आला. सही न करता.

दस्तगीर फाटकापाशी उभा होता. भरतेशने त्याला सगळं सांगितलं. शेवटचंही गाळलं नाही.

 दस्तगीर हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “मर्दा, त्यानं तुला चौदा मुलाखतीत वळखलं. मी बारा वर्सं वळखतोय, तरी मला सांगता येत न्हाई, तू काय करशील.”

“मला तरी कुठं येतंय?”

“मग ऱ्हाऊ दे. वहिनींचा सातवा हाय. न्हाई केलीस सही, तरी मी तोंड फिरवणार न्हाई.”

हे ऐकून भरतेशला जास्तच लागलं. दस्तगीर शिव्या देईल, गळा धरेल, असं वाटलं होतं. त्याने सूट दिली. आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, भरतेशला सुटल्यासारखं वाटलं. ते त्याचं त्यालाच कळलं. पडद्यावरच्या त्याला हे आधीच कळलं होतं का?

“पद्मजाला आज मी सगळं सांगतो,” तो म्हणाला. “आन् उद्या धाला केंद्र उघडतं. तू यायचं न्हाईस.”

“का?”

“तू बघत हुतास म्हणून केली, असं व्हायला नगं.”

“आन् पेन हातात घेतल्यावर परत हात थांबला तर?”

 भरतेशने दस्तगीरचा हात हातात घेतला.

“थांबू दे. तो हलंस्तवर मी खुर्चीवरनं उठणार न्हाई. मंगळवारी मी तिथं नव्हतो, हे माझ्या हातानं लिहून देतो, दस्तगीर. शब्द हाय माझा.”