आपल्याच क्रुसासमोरचा माणूस

गुनहिल्डबाईंनी फोटो टेबलावर ठेवला आणि हात लगेच मागे घेतला.

"हा माझा नवरा. आणि मागे टेकडीवर दिसतोय तो त्याच्या नावाचा क्रूस," त्या म्हणाल्या. "आता सांगा मिरेनसाहेब, मेलेला माणूस आपल्याच क्रुसासमोर उभा राहून मासा सोलतो का?"

थोर्वाल्ड मिरेन पूर्वी विमा कंपनीसाठी जहाजांचे खोटे अपघात हुडकून काढायचा. आता तो नॉर्वेतल्या सांडेफ्योर्द गावात खाजगी चौकश्या करायचा. त्याचा मित्र क्लेमेत, शाळेतला चित्रकलेचा मास्तर, शेजारीच कॉफी पीत बसला होता. फोटो पाहिला आणि त्याने कप खाली ठेवला.

सहा वर्षांपूर्वी आइलर्ट दक्षिण ध्रुवाकडच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर, देवमाशांच्या शिकारीच्या ठाण्यावर, देवमासे सोलायला गेला होता. एका वादळात होडी उलटली आणि तो बुडाला. प्रेत सापडलं नाही, म्हणून ठाण्यावरच्या लोकांनी टेकडीवर नुसता क्रूस उभारला. होडीत दुसरा एकच माणूस होता, आक्सेल, आणि तो पोहत किनाऱ्याला लागला. ही बातमी बाईंना त्यानेच सांगितली. 'तू विणलेला स्वेटर अंगात घालूनच तो पाण्याखाली गेला, मी डोळ्यांनी पाहिलं,' असंही म्हणाला. त्या शब्दांवर बाईंनी सहा वर्षं काढली होती. येत्या रविवारी त्या आक्सेलशीच लग्न करणार होत्या.

आणि काल खलाशांच्या सभागृहात ठाण्याचे जुने फोटो लागले. त्यात हा होता. म्हातारे खलाशी त्याच्यासमोर टोप्या काढून उभे होते, कुणी तरी खाली मेणबत्तीही लावून गेलं होतं.

"नवरा जिवंत असेल तर पाद्री लग्न लावणार नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांचं सोडा. काल रात्री मी दोन ताटं वाढली आणि दाराकडे बघत बसले. असं किती दिवस बसू? तो मेलाय की नाही, एवढंच मला सांगा."

मिरेनने भिंग उचललं. लाकडी ओट्यावर फिन जातीचा देवमासा पोटावर पालथा पडला होता. त्याचं तोंड फोटोच्या डाव्या कडेला होतं आणि खालचा जबडा चुन्यासारखा पांढरा दिसत होता. माशापुढे एक माणूस होता. टोपीच्या सावलीने त्याचं तोंड झाकलं होतं, पण लांब दांड्याचा सुरा त्याने डाव्या हातात धरला होता.

"अख्ख्या ठाण्यावर डावखुरा एकटा आइलर्टच," बाई म्हणाल्या. "आणि उघड्या कोटातून स्वेटरवर चांदण्यांची ओळ दिसतेय, ती माझ्या हातची आहे."

"गळ्यापासून खालच्या कडेपर्यंत मधोमध जाड टाके दिसताहेत. तेही तुमचेच?"

"छे. मी असलं गबाळं काम करीन होय?"

फोटो काढणारा डिड्रिक तेव्हा ठाण्याचा कोठारवाला होता. इतक्या वर्षांनी फोटोतलं कोण, हे त्याला आठवत नव्हतं. ठाण्यावरून आणलेल्या निगेटिव्हच्या काचा त्याने याच महिन्यात तळघरात पहिल्यांदा छापल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. काच सुलटी की उलटी हे बोटांनी चाचपून ठरवतो, असं त्याने हसत सांगितलं. फोटोत काही लबाडी केली का, असं क्लेमेतने विचारलं तेव्हा मात्र त्याचा पारा चढला.

आइलर्टचा भाऊ मोन्स हाही जुना सोलणारा. फोटो खरा आहे, भाऊ जिवंत आहे, लग्न मोडा, हे त्याचं पालुपद. लग्न झालं की घर आक्सेलकडे जाणार, ही सल त्याने लपवली नाही. सभागृहातले बाकीचे फोटो मात्र तो खुशीत दाखवत होता.

"हा फिन बघा मास्तर. याचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे काळा. एकूणएक फिन असेच. देवाकडचा चुना अर्ध्यात संपला असणार."

क्लेमेत हसला. मिरेन हसला नाही.

आक्सेल शांत, नीटनेटका माणूस. त्याने तेच पुन्हा सांगितलं. होडी उलटली, आइलर्ट स्वेटरसकट खाली गेला. फोटोकडे त्याने एकदाच पाहिलं. आइलर्टचं भूत असेल, असं म्हणाला, आणि तो ते मनापासून म्हणतोय, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

शनिवारी संध्याकाळी सगळे गुनहिल्डबाईंच्या स्वयंपाकघरात जमले.

"या गावात जो तो देवमाशांवर जगतो," मिरेन म्हणाला, "आणि या फोटोत सगळ्यांनी माणूस पाहिला, मासा कुणीच पाहिला नाही. मोन्स, मासा पालथा आहे, तोंड डावीकडे. म्हणजे आपल्याला त्याची कुठली बाजू दिसतेय?"

"डावी," मोन्स म्हणाला. मग तो फोटोवर वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. "डावा जबडा पांढरा? असा फिन नसतोच."

"नसतो. डिड्रिकने काच उलटी छापली. फोटो सुलटा केला की सुरा उजव्या हातात जातो. हा आइलर्ट नाही."

"मग कोण?" क्लेमेतने विचारलं.

"आइलर्ट स्वेटरसकट बुडाला असता तर क्रूस उभारल्यावर तो स्वेटर ओट्यावर आला नसता. म्हणजे तो बुडताना पाहिला हे खोटं. ते सांगणारा माणूस एकच. ज्याच्या अंगात स्वेटर आला, त्यालाच ते सांगायची गरज होती."

आक्सेल टेबलाकडे बघत होता.

"त्याने तो मला दिला," तो म्हणाला.

"स्वतःहून देणारा डोक्यावरून काढून देतो. हा पुढून चिरून परत शिवलाय. हात वर करू न शकणाऱ्या माणसाच्या अंगावरूनच लोकर अशी काढावी लागते."

 आक्सेल हळूहळू बोलायला लागला. लाटेने दोघांनाही भूशिरापलीकडे फेकलं होतं. आइलर्टचा पाय मोडला होता, थंडीने त्याचे हात उचलत नव्हते, बर्फ पडत होतं, आणि डोंगर ओलांडून ठाण्यावर जायचं होतं. आक्सेलच्या अंगात नुसता ओला सदरा होता, म्हणून त्याने आइलर्टचा स्वेटर चिरून काढला आणि घेऊन निघाला. आइलर्ट जिवंत आहे असं ठाण्यावर सांगितलं असतं तर लोक शोधायला गेले असते, आणि तो कसल्या अवस्थेत पडलाय हे त्यांना दिसलं असतं. म्हणून तो बुडाला असं सांगितलं. तेलकट कोटाखाली तोच स्वेटर घालून त्याने पुढचा सगळा हंगाम काढला.

मोन्स उठला. गुनहिल्डबाईंनी त्याला हाताने खाली बसवलं.

"काढलास तेव्हा त्याचा श्वास चालू होता?"

"होता."

"काही बोलला?"

"मी त्याला म्हटलं, माणसं घेऊन येतो. तो म्हणाला, सावकाश ये. वाटेत पडू नकोस."

गुनहिल्डबाईंनी फोटो उचलून पालथा ठेवला. त्या रडतील असं क्लेमेतला वाटलं, पण त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण पुसायला काही नव्हतं.

"उद्या चर्चमध्ये सगळं गाव यायचंय," त्या म्हणाल्या. "कुणालाही येऊ नका म्हणून सांगू नका. तू माझ्या शेजारी उभा राहशील, आक्सेल, आणि आत्ता जे बोललास ते सगळं बोलशील. मग तिथूनच माणसं निघतील आणि भूशिरापलीकडून आइलर्टला घेऊन येतील."